बारा आठवडे, एकच सवय: प्रकल्प नोंदी

सोमवार, २२ डिसेंबर

कामाचं स्वरूप ठरलं. ज्याला स्वतःत एक बदल घडवायचा आहे, त्याच्या हाताशी १२ आठवडे राहील असा कागदी संच तयार करायचा: पाहणीचा तक्ता, आखणीचं पान, रोजच्या खुणांचा तक्ता आणि चुकलेल्या दिवसाचं पान. चारच कागद. पाचवा आला की पहिले चारही कोरे राहतात.

पायाला मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांचं १९३६ मधलं सूत्र घेतलं आहे: माणूस जे वागतो ते तो स्वतः आणि त्याची परिस्थिती या दोघांवर मिळून ठरतं. स्वयंसुधारणेच्या बहुतेक वह्या यातल्या पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. निश्चय करा, विश्वास ठेवा, मोठं स्वप्न पाहा, इथपर्यंत सगळं असतं. उशाशी काय ठेवलंय, टेबलावर काय पडलंय, घरातली माणसं त्या वेळी काय करत असतात, हे विचारणारं पानच नसतं. आपल्या संचात ते पान पहिलं राहील.

चाचणीसाठी ३ नमुना सवयी घेतल्या. रात्री ठरल्या वेळी फोन बाजूला ठेवून झोपणं, रोज २० मिनिटं चालणं, रोज २५ मिनिटं अभ्यास. पहिल्यात जुनी गोष्ट सोडायची आहे, दुसऱ्यात नवी लावायची आहे, तिसऱ्यात सुरुवात होते पण टिकत नाही. एकाच पानावर या तिन्ही बसल्या तर ते पान कामाचं.

दोन नियम आजच पक्के केले. एका माणसाला एका वेळी एकच सवय. आणि सवयीच्या वाक्यात क्रियापद, प्रमाण आणि जागा या तिन्ही गोष्टी हव्यात. "तब्येत सुधारायची" हे वाक्य परत पाठवायचं. "दारातून निघून वळणापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं" हे चालेल, कारण संध्याकाळी ते झालं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं.

बुधवार, २४ डिसेंबर

मसुद्यात कुणीतरी "२१ दिवसांत सवय लागते" असं लिहिलं होतं. ते काढलं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणातून पसरला. त्यांचं म्हणणं होतं की बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला माणसाला किमान २१ दिवस लागतात. हा सवयींचा अभ्यास नव्हता, आणि "किमान" हा शब्द तर वाटेतच गळून पडला.

वापरण्याजोगा आकडा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातला. ९६ जण, ८४ दिवस, प्रत्येकाने निवडलेली एक कृती रोज त्याच प्रसंगानंतर करायची. कृती आपोआप होण्याचा वेग ज्या ३९ जणांच्या नोंदींमधून नीट मोजता आला, त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला; सर्वांत कमी १८, सर्वांत जास्त २५४. हा २५४ अर्थातच ८४ दिवसांच्या पुढे आलेखाची रेषा वाढवून काढलेला अंदाज आहे. आपल्या तक्त्याचे १२ आठवडे इथूनच घेतले.

आकड्यापेक्षा त्या रेषेचा आकार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला ती झपाट्याने चढते, मग चढ कमी होत जातो, मग सपाट होते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत "जमतंय जमतंय" असं वाटतं, आणि चढ मंदावला की "आता काही होत नाही" असं वाटायला लागतं. तेव्हाही सवय मुरतच असते. तक्त्यावर २१ व्या दिवशी कोणतीही खूण, तारा, शाबासकी ठेवायची नाही. तिथे शेवट दिसला की माणूस तिथेच थांबतो.

सोमवार, २९ डिसेंबर

पाहणीचा तक्ता. काहीही बदलण्याआधी ३ दिवस फक्त बघायचं आणि लिहायचं. रकाने ५: किती वाजले, कुठे, सोबत कोण, लगेच आधी काय चाललं होतं, हाताच्या अंतरावर काय होतं.

"का केलं" हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. पहिल्या मसुद्यात होता, आणि त्यात सगळ्यांनी "कंटाळा आला", "मन लागत नव्हतं" असंच लिहिलं. त्यावरून करण्यासारखं काहीच निघत नाही. "आधी काय चाललं होतं" या रकान्यात मात्र "दिवा बंद करायला हात लांबवला, फोन तिथेच होता" असं येतं. हे धरून काम करता येतं.

तक्त्याच्या मागच्या बाजूला जागेचं मोजमाप. नको असलेली गोष्ट सुरू व्हायला किती हालचाली लागतात आणि हवी असलेली सुरू व्हायला किती, हे मोजायचं. उदाहरण म्हणून रात्रीचा फोन: हात उशाखाली, फोन वर, अंगठा लावला, उघडला. चार हालचाली, दोन-तीन सेकंद, अंगावरचं पांघरूणही सरकत नाही. आता त्याच खोलीतला अभ्यास: उठायचं, दिवा लावायचा, टेबलावरचे कपडे उचलायचे, वही शोधायची, पेन शोधायचं, मागच्या वेळी कुठे थांबलो ते पानं चाळून काढायचं, मग बसायचं. सात, आणि त्यात दोनदा "शोधायचं". हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले की बहुतेकांच्या मनातला "मी आळशी आहे" हा निकाल जरा सैल होतो. मनोवृत्तीचं काम खरं तर या मोजमापापासूनच सुरू होतं, म्हणून ते पुढे ढकललेलं नाही.

पाहणीचे दिवस चुकवून थेट बदलाला लागणारे बरेच असतात. त्यांचा बदल भलत्याच जागी होतो. बैठकीच्या खोलीतला फोन लांब ठेवला जातो आणि अडचण तर अंथरुणात असते.

गुरुवार, १ जानेवारी

आज कुणालाही सुरुवात करायला सांगितलेलं नाही. नव्या टप्प्याच्या आरंभी माणसाला बदलाचा हुरूप येतो हे खरं आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवडा, महिना, वर्ष सुरू होताना व्यायामशाळेत जाणं वाढतं. या हुरुपाचा उपयोग करावा, पण तयारीसाठी. आज जागा आवरायची, वस्तू आणून ठेवायच्या, आखणीचं पान भरायचं. कृती सोमवारपासून. हुरूप उतरतो, हलवलेलं कपाट मात्र जागचं हलत नाही.

सोमवार, ५ जानेवारी. पहिला दिवस

आखणीच्या पानाचा गाभा म्हणजे "जर-तर" वाक्य. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी हे तंत्र मांडलं. त्यांनी आणि पाश्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसत्या निश्चयापेक्षा असं वाक्य ठरवणाऱ्यांचं काम बऱ्यापैकी जास्त पुरं होतं असं आढळलं. कारण सोपं आहे: कधी, कुठे, कसं हा निर्णय आधीच झालेला असतो. त्या क्षणी माणसाला ठरवावं लागत नाही, फक्त ओळखावं लागतं.

वाक्य कसं बिघडतं याच्या नोंदी:

"वेळ मिळाला तर चालायला जाईन." वेळ मिळाला हे कुणी सांगत नाही, त्याची घंटा वाजत नाही. खूण डोळ्यांना दिसणारी, कानाला ऐकू येणारी किंवा हाताला लागणारी हवी.

"संध्याकाळी सात वाजता अभ्यास करीन." वाईट नाही, पण सातला माणूस दुसऱ्या कशात तरी असतो आणि घड्याळाकडे लक्ष जातं तेव्हा सात वीस झालेले असतात. वेळेपेक्षा प्रसंग बरा: "जेवणाचं ताट घासून ठेवलं की त्याच पावली टेबलाशी बसेन."

"फोन बघणार नाही." ही नकाराची योजना. मनात फोनच राहतो आणि रिकाम्या हाताला काम मिळत नाही. "अंथरुणावर टेकलो की हातात कागदी पुस्तक घेईन" असं लिहायचं.

"घरी आलो की, नाहीतर जेवल्यावर, नाहीतर झोपण्याआधी." तीन खुणा म्हणजे एकही नाही. पहिली चुकली तरी दुसरी आहेच असं वाटत रात्र होते.

वाक्य लिहून झालं की ते त्या जागी उभं राहून मोठ्याने ३ वेळा म्हणायचं आणि कृतीची पहिली हालचाल खरोखर करून बघायची. टेबलापर्यंत चालत जायचं, खुर्ची ओढायची. ही पायरी कुणाला पोरकट वाटते, पण खुर्ची भिंतीला अडकते हे याच वेळी कळतं.

गुरुवार, ८ जानेवारी

रात्रीच्या फोनची सवय घेतलेल्या लोकांचा गट पहिल्याच आठवड्यात अडला, आणि अडचण सगळीकडे एकच: फोन खोलीबाहेर ठेवला, पण सकाळचा गजर फोनमध्येच. मग दुसऱ्या रात्री "फक्त गजरासाठी" फोन आत येतो, तिसऱ्या रात्री उशाशी येतो.

ही चूक आपल्या पानाची आहे, माणसाची नाही. नको असलेली वस्तू हलवण्याआधी ती कोणकोणती रास्त कामं करते याची यादी करायला हवी होती. रात्रीच्या वेळी फोनची रास्त कामं: गजर, अंधारात उजेड, किती वाजले हे कळणं, घरातल्या कुणाचा तातडीचा फोन. या चारही कामांना पर्याय दिल्याशिवाय फोन हलत नाही. सुधारलेली पायरी अशी:

आधी साधं गजराचं घड्याळ आणायचं आणि २ सकाळी ते फोनच्या जोडीने वाजवून पाहायचं. विश्वास बसला की फोनमधला गजर काढायचा. उजेडासाठी छोटी विजेरी उशाशी. तातडीच्या फोनसाठी २-३ नंबरांना मोठ्या आवाजाची रिंगटोन आणि बाकी सगळं बंद. फोन दाराबाहेर असला तरी ती ऐकू येते की नाही हे एकदा दार लावून तपासायचं. मग चार्जर हलवायचा. चार्जर हाच खरा मालक आहे. फोन कुठे झोपतो हे चार्जर ठरवतो. उशाजवळच्या प्लगमधून तो काढून दुसऱ्या खोलीत लावायचा, आणि उशाजवळच्या प्लगमध्ये दिव्याची वायर लावून ती जागा भरून टाकायची. मोकळा प्लग दिसला की आठवड्याभरात दुसरा चार्जर तिथे येतो.

ही पायरी आता सगळ्या सवयींच्या आखणीत घेतली आहे. रकान्याचं नाव: "ही वस्तू आणखी काय काम करते?"

बुधवार, १४ जानेवारी

जागा मनापेक्षा आधी बोलते, हे सांगणारा सर्वांत स्वच्छ प्रयोग डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा. चित्रपटगृहात लोकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना ७ दिवसांचे शिळे. चित्रपटगृहात पॉपकॉर्न खाण्याची ज्यांची सवय पक्की होती त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. शिळे आवडले नाहीत हे त्यांनाही कळत होतं. तोच खाऊ मीटिंगच्या खोलीत दिला तेव्हा शिळे कमी खाल्ले गेले. आणि चित्रपटगृहातच, पण नेहमीपेक्षा वेगळ्या हाताने खायला सांगितलं तेव्हाही सवय मोडली.

यातून दोन गोष्टी पानात घेतल्या. एक, नको असलेल्या सवयीची जागा बदलता येत नसेल तर हात बदला: फोन डाव्या खिशात, रोजचं ॲप पहिल्या पडद्यावरून उचलून चौथ्या फोल्डरात, लॉगिन झालेलं खातं प्रत्येक वेळी बाहेर पडून ठेवायचं. प्रत्येक अडथळा काही सेकंदांचाच असतो. पण त्या सेकंदांत "हे आपण काय करतोय" हे लक्षात यायला वाव मिळतो. दोन, ज्या खुर्चीत बसून करमणूक होते त्याच खुर्चीत अभ्यास लावायला जाऊ नये. दुसरी खुर्ची नसेल तर तीच फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवा. जागा एकच, पण समोरचं दृश्य वेगळं.

सोमवार, १९ जानेवारी

चालण्याचा गट. प्रमाण आधी २० मिनिटं धरलं होतं; ते चुकीचं. आता असं: आठवडा १ व २ मध्ये ५ मिनिटं, ३ व ४ मध्ये १०, ५ व ६ मध्ये १५, सातव्यापासून २०. पहिल्या पंधरवड्यात व्यायाम होत नाही असा आक्षेप येतो. बरोबर आहे, पण त्या काळात पाय घडवायचे नाहीत, दाराबाहेर पडणं घडवायचं आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये "मला हे जमेल" हा भाव कशातून तयार होतो याचे ४ स्रोत सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. यांत पहिला सर्वांत जोरकस. म्हणून प्रमाण इतकं लहान हवं की वाईट दिवशीही ते जमावं. चौदा दिवसांत १२-१३ खुणा झाल्या की माणसाजवळ स्वतःविषयीचा पुरावा तयार होतो. आरशासमोर म्हटलेल्या वाक्यांपेक्षा हा पुरावा मन लवकर मानतं.

तयारी आदल्या रात्रीची: बूट दाराशी, टोकं बाहेरच्या दिशेने, लेस सैल केलेल्या, मोजे बुटात, किल्ली डाव्या बुटात. किल्ली बुटात ठेवण्यामागे विचार आहे. कुठेही बाहेर पडायचं तर बुटापर्यंत जावंच लागतं.

काय बिघडतं: उत्साहाच्या दिवशी माणूस ५ ऐवजी ४० मिनिटं चालतो. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, आणि ५ मिनिटं आता क्षुल्लक वाटतात. मग दोन्ही होत नाहीत. पानावर ठळक लिहिलं: प्रमाण तारखेने वाढवायचं, मूडने नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

चौथा आठवडा काल संपला. चुकलेल्या दिवसाचं पान आजवर कुणी भरतच नव्हतं, आणि आज त्याचं कारण सापडलं. पानाच्या वर "आज का जमलं नाही?" असं छापलं होतं. हा प्रश्न जाब विचारल्यासारखा वाचला जातो. ज्याला आधीच अपराधी वाटतंय तो जाब द्यायला बसत नाही, वही मिटतो.

मनोवृत्ती खरोखर कुठे लागते हे या पानावर कळतं. जागा नीट लावली असेल तर नेहमीच्या दिवशी मनाला फार जोर लावावा लागत नाही. वाक्य, बूट, घड्याळ ही सगळी मिळून काम करून घेतात. चुकलेल्या दिवसानंतरच्या सकाळी मात्र बूट काही करू शकत नाहीत. कालच्या चुकीचा माणूस काय अर्थ लावतो, त्यावर आजचा दिवस ठरतो.

लॅली यांच्या अभ्यासात एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीवर फारसा परिणाम दिसला नव्हता. म्हणजे चुकलेला दिवस स्वतः निरुपद्रवी असतो. घात करतो तो त्याचा अर्थ. व्यसनमुक्तीवर काम करणारे ॲलन मार्लॅट यांनी हे नेमकं टिपलं: एकदा नियम मोडला की माणूस ते आपल्या स्वभावाचं लक्षण मानतो, "माझ्याच्याने होणारच नाही" म्हणतो, आणि एका चुकीची घसरण होते. तीच चूक प्रसंगाच्या खात्यावर मांडली तर घसरण टळण्याची शक्यता वाढते.

पान नव्याने लिहिलं. तीन ओळी, दोन मिनिटांत भरण्याजोग्या:

काल त्या वेळी काय वेगळं होतं? (जागा, माणसं, वेळ, वस्तू यांपैकी)
तेच पुन्हा झालं तर कोणती एक वस्तू किंवा वाक्य बदलीन?
आजची सर्वांत लहान आवृत्ती कोणती?

भरलेल्या पानांतला फरक असा दिसतो. जुनं उत्तर: "निश्चय कमी पडला." नवं उत्तर: "काम लांबलं, घरी दीड तास उशिरा पोचलो, ताट घासण्याचं काम दुसऱ्याने केलं, म्हणून खूणच आली नाही. उशीर झाला तर खूण: बॅग खुंटीला अडकवली की." दुसऱ्या उत्तरात पुढची पायरी आपोआप आली आहे.

एक नियम जोडला: एक दिवस चुकला तर नुसती नोंद, सलग दोन चुकले तर तिसऱ्या दिवशी प्रमाण निम्मं. दंड कुठेही नाही. "काल राहिलं म्हणून आज दुप्पट" हे सक्त मना आहे. दुप्पट काम उद्याही राहतं, मग चौपट होतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज सोबतीच्या माणसांचं पान. इथे मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांची विकासशील मनोवृत्तीची कल्पना उपयोगी पडते, पण तिच्या मर्यादेसकट. क्षमता वाढवता येते असं मानणारा माणूस अपयशानंतर जास्त टिकतो, ही मूळ कल्पना. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ६५ शाळांतल्या सुमारे १२,५०० नववीच्या विद्यार्थ्यांवर ती तपासली. एका तासापेक्षाही कमी वेळाचं ऑनलाइन सत्र. गुणांत मागे असलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी, जी ४ पैकी मोजतात, ०.१० ने वाढली. फरक लहान आहे, पण तासाभरापेक्षा कमी वेळात मिळालेला आहे. महत्त्वाची बाब पुढची: ज्या शाळांत अवघड काम हाती घेणं हे वर्गमित्रांमध्ये मान्य होतं, तिथे हा परिणाम जास्त दिसला. बी तेच, पण सगळ्या जमिनीत सारखं रुजत नाही.

म्हणून आपल्या संचात सोबतीला मनोवृत्तीचाच भाग धरलं आहे. पानावर दोनच माणसांची नावं लिहायची: एक, ज्याच्याकडे ही सवय आधीपासून आहे आणि जो आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष दिसतो. दोन, ज्याच्यासोबत ती मोडते. दुसऱ्याशी भांडायचं नाही, टाळायचंही नाही. त्याला एकच नेमकी विनंती करायची.

विनंतीचे शब्दही दिले आहेत, कारण "मला साथ दे" म्हटलं तर समोरच्याला करायचं काय ते कळत नाही. "रात्री दहानंतर मला व्हिडिओ पाठवू नकोस, सकाळी पाठव" हे कळतं. "मी टेबलाशी असले की २५ मिनिटं हाक मारू नका, तातडीचं असेल तर दारावर टकटक करा" हेही कळतं.

घरातल्या माणसाला पहारेकरी करायचं नाही. "आज गेलास का चालायला?" हा प्रश्न रोज आला की चालणं त्या माणसाचं होतं, आणि राग आला की चालणं बंद पडतं. सोबत्याने विचारायचं असेल तर आठवड्यातून एकदा, आणि प्रश्न असा: "या आठवड्यात काय अडलं? मी काही हलवू शकतो का?"

मंगळवार, १७ फेब्रुवारी

"इच्छाशक्ती वाढवा" हे अर्धं पान वगळलं. इच्छाशक्ती वापरली की संपते, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगांपासून खूप पसरली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून सुमारे २,००० लोकांवर तोच परिणाम तपासला तेव्हा तो जवळपास शून्य निघाला. वाद संपलेला नाही, पण वादात असलेल्या गोष्टीवर कुणाच्या रोजच्या दिवसाची आखणी उभी करणं बरं नाही. पान रिकामं झालं, त्या जागी मोजमापाचा तक्ता मोठ्या अक्षरात आला. वाचणाऱ्यांची सोय झाली.

मंगळवार, ३ मार्च

प्रवास आणि घरबदल यांची नोंद, कारण काही जणांचं याच महिन्यात बिऱ्हाड हलतंय.

परिसर बदलला की जुन्या खुणा तुटतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही. याचं सर्वांत ठळक उदाहरण ली रॉबिन्स यांच्या अभ्यासातलं. व्हिएतनाममधून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे २० टक्के तिथे हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा आहारी गेले. तो पदार्थ सहज मिळण्याची जागा, ते सोबती, तो ताण, सगळंच मागे राहिलं होतं.

पण हे उदाहरण वाचून कुणी व्यसनावर फर्निचर हलवण्याचा उपाय करू नये, म्हणून त्याच पानावर चौकट घातली: दारू किंवा इतर पदार्थांचं अवलंबन, खाण्याचे आजार, खोल नैराश्य यांत हा संच उपचाराची जागा घेत नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. ही चौकट पहिल्या पानावरही छापायची.

साध्या सवयींसाठी बास फरप्लांकेन आणि डेबोरा रॉय यांचा २०१६ चा अभ्यास जवळचा. ८०० लोकांत पर्यावरणपूरक सवयी लावण्याचा प्रयत्न नुकतंच घर बदललेल्यांवर जास्त परिणामकारक ठरला, आणि ही संधी साधारण ३ महिने टिकली. तेव्हा नव्या घरात पहिलं खोकं उघडण्याआधी ठरवायचं: चार्जर कुठे, टेबल कुठे, बूट कुठे. सामान आधी कसंतरी लावून "नंतर बघू" म्हटलं की जुनीच मांडणी नव्या भिंतींत उभी राहते, कारण हातांना तीच पाठ असते.

चार दिवसांच्या प्रवासासाठी वेगळी युक्ती: खूण सोबत न्यायची. अभ्यासाच्या टेबलावर नेहमी अंथरलेलं एक कापड असेल तर तेच घडी करून बॅगेत. परक्या टेबलावर ते पसरलं की निम्मी जागा आपली होते.

सोमवार, १६ मार्च

दहावा आठवडा संपला. आता मरगळ येते ती वेगळ्या कारणाने: भिंतीवरच्या चिठ्ठ्या दिसेनाशा होतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात भरणारा पिवळा कागद आता भिंतीचा रंग झालेला असतो. उपाय म्हणून काही जणांनी चिठ्ठ्या वाढवल्या. त्या अजून लवकर नजरेआड झाल्या.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आठवण करून देणारी वस्तू (चिठ्ठी, फोनची सूचना) बदलत ठेवायची: जागा, रंग, उंची. पण मूळ खूण, म्हणजे ताट घासून ठेवणं, बॅग खुंटीला लावणं, ती अजिबात बदलायची नाही. सवय त्या प्रसंगाशी बांधली जातेय. प्रसंग बदलला तर बांधणी जवळपास पहिल्यापासून. कंटाळा आला म्हणून बदल हवाच असेल तर कृतीच्या आत करा: चालण्याची दिशा उलटी, अभ्यासाचा विषय वेगळा. दाराबाहेर पडण्याचा क्षण तोच.

तक्त्यावरच्या खुणांबाबतही एक बिघाड दिसतो. काही जण खुणेसाठी काम करायला लागतात. रात्री पावणेबाराला चप्पल घालून दारापर्यंत जातात आणि खूण करतात. ही लबाडी समजून रागवायचं नाही. प्रमाण त्या माणसाच्या सध्याच्या दिवसाला जड होतंय, एवढाच त्याचा अर्थ. एका पायरीने खाली आणायचं.

रविवार, २९ मार्च. चौऱ्याऐंशीवा दिवस

शेवटच्या पानावर दिवसांची बेरीज विचारलेली नाही. त्याऐवजी ४ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण: ही कृती मी आपोआप करतो. मुद्दाम आठवावं न लागता करतो. विचार न करता करतो. करायला लागलो हे लक्षात येण्याआधीच सुरू झालेली असते. सवयीचा आपोआपपणा मोजायला संशोधनात वापरली जाणारी ही छोटी प्रश्नावली आहे. आठवडा २, ६ आणि १२ च्या शेवटी भरायची. शेवटचे दोन आकडे जवळपास सारखे आले आणि दोन्ही वरचे असतील तर रेषा सपाट होतेय असं समजायचं. दोन्ही खालीच असतील तर खूण चुकली आहे, आणखी १२ आठवडे तेच करण्यात अर्थ नाही, आखणीच्या पानाकडे परत जायचं.

आधार काढण्याचा क्रम: आधी रोजचा खुणांचा तक्ता, मग चिठ्ठ्या, मग सोबत्याचा आठवडी प्रश्न. दोन काढण्यांमध्ये किमान एक आठवडा. जागेची मांडणी काढायची नाही. बूट दाराशीच, चार्जर दुसऱ्या खोलीतच.

सोमवार, ३० मार्च

छपाईला जाण्याआधीचे शेवटचे फेरफार: "का" हा शब्द सगळ्या पानांवरून शोधून काढला, जिथे होता तिथे "कुठे" किंवा "कशानंतर" घातलं. वस्तूंच्या यादीत गजराचं घड्याळ आठव्या क्रमांकावर होतं, ते पहिल्यावर आणलं. चुकलेल्या दिवसाची पानं १२ वरून २४ केली आणि ती शेवटी न ठेवता रोजच्या तक्त्याच्या समोरच्या पानावर घेतली. चुकलेल्या दिवशी वही चाळून शेवटपर्यंत जायची ताकद नसते. उघडलेल्या पानावरच ती तीन ओळींची जागा समोर असायला हवी.